सर्व्हरच्या फायलीत बदल करताना: फुकट काय, पैसे कशाला आणि किती

सर्व्हरच्या कॉन्फिग फायलीत एक ओळ बदलायला लागणारी जवळपास सगळी साधनं फुकट आहेत. एडिटर फुकट, बदल तपासणाऱ्या कमांड फुकट, जुन्या ओळींची नोंद ठेवणारी व्यवस्थाही फुकट. पैसे लागतात ते बदल फसल्यावर परत यायला. परतीची सोय आधी केलेली असेल तर महिन्याला शंभर-सव्वाशे रुपयांत भागतं. केलेली नसेल तर अडलेल्या वेळी मिळेल त्या माणसाला, तो मागेल ते द्यावं लागतं आणि तोवर वेबसाइट बंद राहते. त्यामुळे पहिला खर्च परतीच्या सोयीवर करा, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा लेख ज्यांच्याकडे भाड्याचा एखादा लहान सर्व्हर आहे आणि तो सांभाळायला वेगळा माणूस नाही, त्यांच्यासाठी आहे: दुकानाची वेबसाइट, दवाखान्याचं अपॉइंटमेंटचं पान, छोट्या प्रकाशकाची पुस्तकविक्री. सर्व्हरवर उबुंटू 24.04 आहे असं धरलं आहे. या आवृत्तीला 2029 पर्यंत नेहमीचे सुरक्षा अपडेट मोफत मिळतात, म्हणजे त्याचेही पैसे नाहीत. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पाळून लिहायच्या.

सर्व्हरच्या बहुतेक फायलींत चूक झाली तर एखादी सेवा बंद पडते आणि ती दुरुस्त करता येते. तीन फायलींचं मात्र तसं नाही. त्यांत चूक झाली तर दुरुस्त करायला तुम्हाला आतच जाता येत नाही. या तीन फायली म्हणजे सुडोअर्स, एसएसएचडी-कॉन्फिग आणि एफएसटॅब.

सुडोअर्समध्ये कोणत्या युजरला प्रशासकाचे अधिकार आहेत ते लिहिलेलं असतं. उबुंटूवर रूट या मुख्य युजरचा पासवर्ड सुरुवातीपासून बंद ठेवलेला असतो, त्यामुळे प्रशासकाचे अधिकार देणारी सुडो ही कमांड हाच एक दरवाजा. ही फाईल साध्या एडिटरमध्ये कधीही उघडू नये. तिच्यासाठी 'व्हीआयसुडो' ही वेगळी कमांड आहे. ती फाईलला कुलूप लावते, म्हणजे त्याच वेळी दुसरा कोणी ती बदलू शकत नाही. तुमच्यापुढे येते ती तात्पुरती प्रत. सेव्ह केल्यावर व्हीआयसुडो आधी व्याकरण तपासते आणि सगळं बरोबर असेल तरच ती प्रत मूळ जागी ठेवते. चूक सापडली तर पुढे काय करायचं ते विचारते. तिथे लहान 'ई' दाबलं की पुन्हा दुरुस्तीला जाता येतं, लहान 'एक्स' दाबलं की बदल टाकून बाहेर पडता येतं. मोठा 'क्यू' दाबला तर चुकीसकट फाईल सेव्ह होते, म्हणून तो दाबायचा नाही. सुडोच्या नव्या आवृत्त्या चुकीची ओळ वगळून पुढे जायचा प्रयत्न करतात, पण चुकलेली ओळ तुमच्याच अधिकाराची असेल तर त्याचा काय उपयोग?

त्याहून बरं म्हणजे मूळ सुडोअर्सला हात न लावता 'सुडोअर्स डॉट डी' या फोल्डरमध्ये स्वतःची वेगळी छोटी फाईल करावी. तीही व्हीआयसुडोनंच, पुढे 'उणे एफ' आणि फाईलचा पत्ता देऊन. तिच्या नावात टिंब नको. नावात टिंब असलेली फाईल सुडो वाचतच नाही, आणि नियम का लागू होत नाही हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

एसएसएचडी-कॉन्फिग म्हणजे दुरून लॉगिन करण्याचे नियम. पासवर्डनं लॉगिन बंद करून फक्त चावीनं चालू ठेवणं हा इथला नेहमीचा आणि योग्य बदल. बदल केल्यावर 'सुडो एसएसएचडी उणे लहान टी' ही कमांड चालवा. फाईल बरोबर असेल तर ती काहीच बोलत नाही, चूक असेल तर ओळीचा क्रमांक सांगते. पण व्याकरण बरोबर असलं म्हणजे बदल लागू झाला असं नाही. या फाईलमध्ये एकच नियम दोनदा आला तर पहिला चालतो. उबुंटूच्या फाईलमध्ये अगदी वरच एका फोल्डरातल्या फायली आत घेणारी ओळ असते. भाड्याच्या सर्व्हरवर त्या फोल्डरात अनेकदा '50-क्लाउड-इनिट' नावाची फाईल असते आणि तिच्यात पासवर्डचं लॉगिन चालू ठेवलेलं असू शकतं. मग मुख्य फाईलमध्ये खाली 'नो' लिहून तुम्ही निश्चिंत होता आणि पासवर्डचा दरवाजा मात्र उघडाच राहतो. प्रत्यक्षात काय लागू आहे ते 'सुडो एसएसएचडी उणे मोठा टी' दाखवते. त्यातली पासवर्ड-ऑथेंटिकेशनची ओळ डोळ्यांनी वाचा. मला ही तपासणी या लेखातली सगळ्यात मोलाची वाटते, आणि तिला अर्धा मिनिट लागतो.

बदल लागू करताना चालू असलेली खिडकी बंद करू नका. एसएसएच सेवा रीलोड झाली तरी आधी जोडलेलं कनेक्शन तुटत नाही. दुसरी खिडकी उघडून नव्यानं लॉगिन करून बघा. झालं तरच पहिली बंद करा. नाही झालं तर पहिल्या खिडकीतून जुनी फाईल परत ठेवा. पोर्ट क्रमांक बदलत असाल तर 24.04 वर आणखी एक पायरी आहे. तिथे कनेक्शन ऐकण्याचं काम सगळ्या सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीचं सॉकेट करतं, त्यामुळे 'सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड' करून 'एसएसएच डॉट सॉकेट' रीस्टार्ट करावं लागतं. फक्त सेवा रीलोड केली तर जुनाच पोर्ट चालू राहतो. नवा पोर्ट फायरवॉलमध्ये आधी उघडायचा, हेही विसरू नका.

तिसरी एफएसटॅब. सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची ते तिच्यात असतं. जागा कमी पडली म्हणून जादा डिस्क भाड्यानं घेतली की या फाईलमध्ये ओळ वाढते. चुकीची ओळ लगेच त्रास देत नाही, तो पुढच्या रीस्टार्टला होतो, कदाचित चार महिन्यांनी. सर्व्हर त्या डिस्कची वाट बघतो, साधारण दीड मिनिटानं नाद सोडतो आणि आणीबाणीच्या स्थितीत जाऊन थांबतो. तिथे दुरून लॉगिन चालत नाही. यावर उपाय साधे आहेत. जादा डिस्कच्या ओळीत 'नोफेल' हा शब्द घाला, म्हणजे ती सापडली नाही तरी सर्व्हर सुरू होतो. मग 'फाइंडएमएनटी' ही कमांड 'व्हेरिफाय' या पर्यायासह चालवा, आणि शेवटी 'सुडो माउंट उणे ए'. या दोन्हींतून फाईल तक्रारीविना पार पडली की रीस्टार्ट करायला हरकत नाही. हा रीस्टार्ट स्वतःहून, गिऱ्हाईक नसलेल्या वेळी, समोर बसून करा. तो एखाद्या रात्री अचानक होण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

बाकी सेवांचं थोडक्यात. वेबसाइट दाखवणाऱ्या सेवांपैकी एन्जिनएक्ससाठी 'उणे टी', अपाचेसाठी 'अपाचेसीटीएल कॉन्फिगटेस्ट'. दोन्हीकडे नंतर रीलोड करायचं, रीस्टार्ट नाही. फाईल चुकीची असताना रीलोड केलं तर एन्जिनएक्स जुन्या नियमांवर चालू राहतो, रीस्टार्ट केलं तर बंद पडतो. नेटवर्कच्या फायलींसाठी 'नेटप्लॅन ट्राय' आहे. बदल लागू केल्यावर 120 सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही तर ती कमांड आपणहून जुनी स्थिती परत आणते. क्रॉनटॅब या ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत 'उणे ई' म्हणजे दुरुस्ती आणि 'उणे आर' म्हणजे सगळी यादी पुसणं, तीही न विचारता. कीबोर्डवर ही दोन अक्षरं शेजारी आहेत. म्हणून आधी 'उणे एल' वापरून यादीची एक प्रत काढून ठेवावी.

फाईलच्या शेवटी एखादी ओळ वाढवायला बरेच जण 'सुडो एको' आणि पुढे बाण असं लिहितात. ते चालत नाही, कारण सुडोचे अधिकार एकोला मिळतात, बाणाचं काम मात्र तुमचं साधं शेल करतं. मग कोणीतरी 'टी' ही कमांड सुचवतं. ती चालते, पण 'उणे ए' विसरलात तर सगळी फाईल पुसून तिच्यात तेवढी एकच ओळ उरते. एका ओळीसाठी हा धोका कशाला? 'सुडोएडिट' वापरा. ती फाईलची तात्पुरती प्रत तुमच्या साध्या अधिकारांनी उघडते आणि काम संपल्यावर जागेवर ठेवते. एडिटर नॅनो असो की विम, दोन्ही मोफत आहेत. हात बसलेला नसेल तर नॅनो घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

आता प्रतींचं. बदलाआधी 'सीपी उणे पी' वापरून नावात तारीख घालून प्रत ठेवणं ही चांगली सवय आहे. जागा जेमतेम काही केबी, खर्च शून्य. प्रश्न आहे ती कुठे ठेवायची. उबुंटूवरचा एन्जिनएक्स 'साइट्स-एनेबल्ड' या फोल्डरातली प्रत्येक फाईल वाचतो, तिचं नाव काहीही असो. तिथेच जुनी प्रत ठेवली तर एकाच साइटचे दोन नियम होतात. कधी तो सुरू व्हायला नकार देतो, कधी नुसता इशारा देऊन त्यांतला एक नियम पाळतो, आणि तो जुना असू शकतो. म्हणून प्रती मूळ फोल्डरात ठेवू नका. रूटच्या घरात एक वेगळं फोल्डर करा आणि ते इतरांना वाचता येणार नाही असं ठेवा.

दर वेळी प्रत काढायची आठवण राहत नसेल तर 'ईटीसीकीपर' बसवा. ईटीसी हे सगळ्या कॉन्फिग फायलींचं फोल्डर. ईटीसीकीपर ते गिट या नोंदवहीत ठेवतो. जोई हेस यांनी 2007 मध्ये तयार केलेला हा मुक्त प्रोग्राम एका कमांडनं बसतो, पॅकेज अपग्रेडच्या आधी आणि नंतर आपणहून नोंद करतो आणि दिवसातून एकदाही करतो. तुम्ही बदल केल्यावर 'ईटीसीकीपर कमिट' आणि एक वाक्य लिहायचं: काय बदललं, का बदललं, कोणी सांगितलं. सहा महिन्यांनी त्या वाक्याची किंमत कळते. एकच सावधगिरी बाळगा. या नोंदवहीत पासवर्डचे सांकेतिक ठसे आणि प्रमाणपत्रांच्या खासगी चाव्याही असतात. ती गिटहबसारख्या ठिकाणी कधीही चढवू नका, खासगी खात्यावरसुद्धा नाही.

अपग्रेडच्या वेळी कधीकधी प्रश्न येतो: तुमची फाईल ठेवायची की पॅकेजची नवी घ्यायची? घाईनं 'वाय' दाबू नका. 'डी' दाबून आधी फरक बघा. मूळ फाईल न बदलता 'डॉट डी' फोल्डरमध्ये वेगळी फाईल ठेवली असेल तर हा प्रश्न बहुधा येतच नाही. सेवांच्या बाबतीत 'सिस्टमसीटीएल एडिट' नेमकं हेच करून देते.

इथपर्यंत एक रुपयाही लागलेला नाही. आता पैशांचा भाग.

स्नॅपशॉट म्हणजे अख्ख्या सर्व्हरची त्या क्षणाची प्रत. डिजिटलओशन या सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या कंपनीकडे तिला महिन्याला दर जीबी 6 सेंट पडतात, ॲमेझॉनच्या मुंबई केंद्रात डिस्कच्या स्नॅपशॉटला 5 सेंट. सर्व्हरवर 10 जीबी भरलेले असतील तर अनुक्रमे 60 आणि 50 सेंट. डॉलर 90 रुपये धरला तर 54 आणि 45 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. मोठ्या बदलाआधी स्नॅपशॉट काढून आठवड्यानं पुसला तर त्याच्याही पावपट. पुसायचं विसरलं तर मात्र तो दर महिन्याच्या बिलात येत राहतो, म्हणून बिलातली स्नॅपशॉटची ओळ अधूनमधून बघत जा.

आपोआप होणारा साप्ताहिक बॅकअप डिजिटलओशनवर सर्व्हरच्या भाड्याच्या 20 टक्के, रोजचा 30 टक्के. हेट्झनर या दुसऱ्या कंपनीकडेही बॅकअपला 20 टक्केच पडतात. 6 डॉलरच्या लहान सर्व्हरला साप्ताहिक बॅकअप म्हणजे 1 डॉलर 20 सेंट, जीएसटीसह साधारण 127 रुपये महिना. गिऱ्हाइकांची नोंद असलेला कोणताही सर्व्हर या बॅकअपशिवाय चालवू नये. दर बदलतात, म्हणून घेण्याआधी कंपनीच्या दरपत्रकावर एकदा नजर टाका. बिल डॉलरमध्ये असेल तर कार्डावर बँकेचा परकीय चलनाचा अधिभारही लागतो, बहुतेक कार्डांवर 2 ते 3.5 टक्के. ॲमेझॉनचं भारतातलं बिल रुपयांत येतं.

पण एक ओळ चुकली म्हणून अख्खा स्नॅपशॉट परत बसवायचा नसतो. तो सगळंच मागे नेतो. सकाळी दहाला स्नॅपशॉट घेतला, दुपारी दोनला परत बसवला, तर मधल्या चार तासांतल्या ऑर्डर, नोंदी, अपॉइंटमेंट गेल्या. ही किंमत कोणत्याही बिलात दिसत नाही. ओळीसाठी फाईलची प्रत आहे. स्नॅपशॉट सगळे उपाय संपल्यावर.

सरावालाही फारसे पैसे लागत नाहीत. घरच्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स मोफत बसतं, उबुंटू सर्व्हरची फाईल तीन जीबीच्या आसपास. संगणक जुना असेल तर तेवढ्यापुरता दुसरा सर्व्हर भाड्यानं घ्या. 6 डॉलरच्या सर्व्हरचा तासाचा दर एक सेंटहून कमी पडतो. तिथे एफएसटॅब मुद्दाम बिघडवून बघा आणि कन्सोलमधून दुरुस्त करा. काम झाल्यावर सर्व्हर डिलीट करायला विसरू नका. डिजिटलओशनवर नुसत्या बंद केलेल्या सर्व्हरचंही भाडं चालू राहतं. शाळेत किंवा कार्यालयात प्रत्यक्ष यंत्र असेल तर आठ जीबीचा एक पेन ड्राइव्ह उबुंटू भरून तयार ठेवा. यंत्र सुरू झालं नाही तर त्यावरून सुरू करून चुकलेली ओळ दुरुस्त करता येते.

हे सगळं स्वतः करायचं नसेल तर माणूस जरूर नेमा, पण ठरवून. भाड्याच्या साध्या सर्व्हरमध्ये आतल्या फायलींची जबाबदारी कंपनीची नसते, तुमची असते. तिच्या मोफत मदतकक्षाकडून दुरुस्तीची अपेक्षा ठेवू नका. तंत्रज्ञाला काम देण्याआधी पैसे भेटीचे की तासाचे, सुटीच्या दिवशी आणि रात्री दर काय, हे लेखी घ्या. त्याच्याच चुकीनं सर्व्हर अडला तर दुरुस्तीचे पैसे लावणार का, हेही आधीच विचारा. जीएसटी लावत असेल तर नोंदणी क्रमांकासह बिल मागा. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असलेल्या सेवा देणाऱ्याला आपल्याकडे ही नोंदणी सहसा सक्तीची नसते, आणि नोंदणी नसलेल्याला जीएसटी आकारता येत नाही. पुढचा प्रश्न: फसलं तर परत कसं आणाल? यावर एका वाक्यात नेमकं उत्तर देता आलं नाही तर दर कितीही कमी असो, दुसरा माणूस शोधा. स्वतःचा पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवू नका. त्याच्यासाठी वेगळा युजर तयार करा, काम झाल्यावर काढून टाका. काय बदललं याची नोंद ईटीसीकीपरमध्ये झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

एक काम मात्र आजच करा. कंपनीच्या वेबसाइटवर तुमच्या खात्यात सर्व्हरचं कन्सोल असतं. एसएसएच बंद पडलं तरी त्या वाटेनं सहसा आत जाता येतं. पण ते पासवर्ड मागतं, आणि चावीनं लॉगिन होणाऱ्या बऱ्याच सर्व्हरवर युजरला पासवर्ड दिलेलाच नसतो. आधी 'एसएसएचडी उणे मोठा टी' चालवून बाहेरून पासवर्डचं लॉगिन बंद असल्याची खात्री करा. मग 'सुडो पासडब्ल्यूडी' आणि पुढे तुमचं युजरनाव लिहून लांबलचक पासवर्ड ठेवा, तो कागदावर लिहून कुलपात ठेवा आणि कन्सोलमधून एकदा लॉगिन करून बघा. हे होईपर्यंत वरच्या तीन फायलींपैकी एकीलाही हात लावू नका.